साहेब लोक जेवायला जात तेव्हा

संतराम खिल्लारेबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. अकरा वर्षं एका कार्यालयात काढली, पण त्याच्या बायकोचं नाव मला माहीत नाही. मुलं दोन की तीन, तेही ठाम सांगता येणार नाही. गाव नरसीच्या पलीकडं कुठंतरी; सकाळी तिकडच्या गाडीतून उतरायचा, म्हणून एवढं तरी ठाऊक. माझं टेबल दाराच्या आत, त्याचं स्टूल दाराच्या बाहेर. मध्ये चार हातांचं अंतर. ते मी कधी चालून गेलो नाही.

निवृत्त कर्मचाऱ्यांच्या अंकासाठी लक्षात राहिलेल्या सहकाऱ्यावर चार पानं लिहून द्या, असं मंडळाचे सचिव सांगून गेले. बाकीचे सगळे आपापल्या साहेबांवर लिहिणार, हे मला माहीत आहे. म्हणून मी संतरामवर लिहितो. लिहिण्याची सवय मला नोंदवहीपुरतीच. जास्त वाटेल ते कापून टाकावं.

तालुक्याच्या जमीन मोजणी कार्यालयात मी आवक-जावक कारकून होतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदाला नंबर टाकायचा. संतराम चेनमन. पूर्वी शेतं लोखंडी साखळीनं मोजत; साखळीचं टोक धरून काट्याकुट्यांतून पळणारा माणूस तो चेनमन. पुढं तिपाईवरचं यंत्र आलं, साखळी खिळ्याला टांगली गेली आणि पदाचं नाव तेवढं राहिलं. आता त्याचं काम म्हणजे तिपाई खांद्यावर न्यायची, भिंगाची काठी धरून साहेब सांगतील तिथं उन्हात उभं राहायचं. मोजणी नसेल त्या दिवशी माठ भरायचा, चहा आणायचा. तो बारावी पास होता. आमच्या शिवशंकर साहेबांची बारावी दोनदा राहिली होती, पण तो भाग वेगळा.

शिवशंकर साहेब म्हणजे आमचे भूकरमापक. मोजणी तेच करत. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी मोजणी कशी होते ते सांगतो. दहाची वेळ दिलेली असते, जीप बाराला पोचते. यंत्र उभं करून दोन-चार खुणा घेतल्या की ज्यानं मोजणीचा अर्ज केला तो शेतकरी हात जोडून पुढं येतो आणि म्हणतो, "चला साहेब, गरिबाघरची भाकर खाऊन घ्या." ही भाकर म्हणजे कोंबडं, पुऱ्या, शिरा आणि वर मठ्ठा. हे जेवण कुठल्या नियमात नाही. पण त्याच्याशिवाय मोजणी पुरी झालेली मी ऐकली नाही. जेवण, पान, मग ओसरीवर पाठ टेकणं. एकला गेलेले साहेब तीनला ढेकर देत शेतात परत येत. धुऱ्याच्या, म्हणजे हद्दीच्या, पलीकडचा मालक तोवर बांधावर बसून असे. आपली जमीन कुणाच्या ताटात वाढली जातेय, याचा अंदाज घेत.

संतराम बौद्ध. पहिल्या वर्षी तोही जेवायला जाई. त्याला कुणी काही बोललं, असं मी म्हणणार नाही. आमच्याकडची माणसं मोठी गोड. "तुमी इकडं बसा, इकडं सावली हाय," असं म्हणत त्याला गोठ्याच्या कडेला बसवायचे आणि ताट तिकडं आणून द्यायचे. सावली गोठ्यालाच कशी काय असते, हे कुणी विचारायचं नाही. मीही कधीकधी जुने कागद घेऊन जीपमध्ये असे. मी ओसरीवर जेवलो. शिरा चांगला होता.

पुढच्या वर्षापासून तो म्हणू लागला, "जेवन नको साहेब, मी सामानापाशी थांबतो."

शिवशंकर साहेब हसले. "काहून रे, आमच्या ताटावर बहिष्कार का?"

"न्हाई साहेब. यंत्र महागाचं हाय. ढोरं पाडतील."

एवढं बोलून तो लिंबाखाली थांबला. पिशवीतून आपली भाकरी काढून दहा मिनिटांत खायची. मग यंत्राची पेटी उघडायची. त्या पेटीत यंत्रासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक होतं. प्लॅस्टिकच्या वेष्टणातून ते आमच्यातल्या कुणी बाहेरसुद्धा काढलेलं नव्हतं. संतरामनं ते वेष्टण ब्लेडनं फाडलं. एक पान वाचायचं, यंत्रावर करून बघायचं, साहेब येण्याआधी सगळं होतं तसं ठेवायचं. आठवड्यात तीन मोजण्या, प्रत्येक मोजणीला दोन तास. हिशेब तुम्हीच करा. सरकारी नोकरीत एवढा नियमित अभ्यास कुणी केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. हे सगळं मला जीपचा ड्रायव्हर नेमसिंग सांगायचा. तो जीपमध्येच झोपायचा आणि अर्ध्या डोळ्यानं बघायचा. "तेचं काय तरी चालू आसते भाऊसाहेब," म्हणायचा. "साहेब घोरून राहिले का हा लिहून राहिला."

त्या दिवसांत आमचे मोठे साहेब, म्हणजे कार्यालयप्रमुख, नवे आले होते. त्यांना भाषणाची हौस. दर सोमवारी सगळ्यांना उभं करून सांगायचे, दिवसातला एक तास स्वतःसाठी काढा, स्वतःला घडवा, जग कुठल्या कुठं गेलं. स्वतः साडेअकराला येत आणि दीडला डब्याला घरी जात. हा स्वतःसाठीचा एक तास ते कुठल्या तासांतून काढत होते, ते त्यांनाच ठाऊक. त्यातच वरून आदेश आला. प्रत्येकानं मोबाइलवर ऑनलाइन अभ्यासक्रम पुरे करायचे. मोजणीची नवी पद्धत, कार्यालयीन कामकाज, सेवेचे नियम, असे नऊ. शिपाई आणि चेनमन यांची नावं यादीत नव्हती. त्यांना घडवायची गरज वर कुणाला वाटली नसावी.

मग कार्यालयात नवीच रीत सुरू झाली. मोजणीला निघताना सगळ्यांचे मोबाइल संतरामच्या पिशवीत पडू लागले.

"घे रे संतराम. आमी जेवून येतो, तवर तेवढं पुढं पुढं करत ऱ्हाय. शेवटी परीक्षा हाय, पास होऊन ये."

मोठ्या साहेबांचाही मोबाइल असायचा, माझाही. नाही का म्हणू? मला त्या बटनांची भीती वाटायची. संतराम नुसतं पुढं पुढं करत नव्हता, वाचत होता. लिंबाखाली चार मोबाइल मांडून बसलेला, जसं काही मोबाइल दुरुस्तीचं दुकान. महिन्याभरात आमच्या कार्यालयाचं काम शंभर टक्के झालं. प्रमाणपत्रं छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून मोठ्या साहेबांनी आपल्या खुर्चीमागं भिंतीला लावली. बघायला येणाऱ्याला ते हात करून दाखवत. भिंतीवरची नावं सगळी वेगवेगळी होती, अभ्यास एकाच माणसाचा.

तिसरी गोष्ट उर्दूची. आपल्या भागातल्या काही गावांची शेतमोजणीची जुनी टिपणं निजामाच्या काळातली, उर्दूत लिहिलेली. ती वाचणारे दप्तरबंद, म्हणजे जुनी दप्तरं सांभाळणारे कारकून, कधीच निवृत्त झाले. जाताना कुणाला तरी आकडे सांगून गेले असतील. त्यानं पुढच्याला सांगितले, पुढच्यानं शिवशंकर साहेबांना. यालाच आमच्याकडं अनुभव म्हणतात. संतराम मात्र शहरातल्या एका म्हाताऱ्या शिंपीचाचांकडं गेला आणि एका पुठ्ठ्यावर त्यांच्याकडून सगळे आकडे लिहून आणले. टिपणाच्या घडीत तो पुठ्ठा ठेवून साहेबांच्या जेवणाच्या वेळात गिरवत बसे. तेव्हा त्याला कळलं ते असं. उर्दूतलं शून्य म्हणजे नुसतं टिंब असतं, आणि पाच असतो गोल. आमच्या कार्यालयात गोलाला शून्य वाचत होते. किती वर्षांपासून, देव जाणे.

त्या वर्षी भूकरमापक होण्यासाठीची खात्याची परीक्षा जाहीर झाली. चेनमनलाही बसता येत होतं, पण अर्ज कार्यालयामार्फत जिल्ह्याला जायला हवा होता. शेवटची तारीख जूनअखेर. संतरामनं एप्रिलमध्ये अर्ज दिला. दोन प्रती आणल्या होत्या; सवयीनं मी दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून सही केली. मोठ्या साहेबांनी गठ्ठ्यातल्या इतर कागदांबरोबर त्या अर्जावरही न वाचता शिफारशीची सही केली. महिनाभरानं अर्ज माझ्या टेबलावर आला. एक जावक नंबर टाकायचा आणि पाकिटात घालायचा, एवढंच उरलं होतं.

पण त्याआधी, फेब्रुवारीत, एक मोजणी होऊन गेली होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. अर्जदार अमृतराव, पन्नास एकरांचे धनी. शेजारी रुक्माबाई नावाच्या विधवा बाईंची तीन एकर. मधला धुऱ्याचा दगड नांगरात कधीच गेलेला, म्हणून टिपणावरून हद्द काढायची होती. टिपण उर्दूत. गावच्या विहिरीपासून धुऱ्यापर्यंत रुक्माबाईंची बाजू. तिथून ओढ्याकाठच्या दगडापर्यंत अमृतरावांची. पहिलं अंतर बारा साखळ्या आणि पाच आणे. साखळीचे सोळा आणे असतात आणि साखळी तेहतीस फुटांची. म्हणजे पाच आणे दहा फुटांच्या वर गेले. शिवशंकर साहेबांनी ते बारा साखळ्या शून्य आणे वाचलं. दुसऱ्या टोकाकडून मोजून बघायचं त्यांनी मनात आणलं नाही. जेवण भारी झालं होतं. रुक्माबाईंचा दहा फुटांचा पट्टा अमृतरावांकडं गेला. त्या पट्ट्यात बाईंची बोअर होती.

संतराम काठी रोवता रोवता हळूच म्हणाला होता, "साहेब, ते शून्य न्हाई. पाच हाय."

"आता तू मला मोजणी शिकवून राहिलास? तिपाई उचल."

त्यानं तिपाई उचलली. हेही नेमसिंगनंच सांगितलं.

रुक्माबाईंनी जिल्ह्याला तक्रार केली. मेअखेर फेरमोजणी लागली, जिल्ह्याच्या अधिकारी बाई स्वतः येणार. आदल्या दिवशी शिवशंकर साहेब माझ्या टेबलाशी आले. संतराम दारात होता, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, ह्याचा परीक्षेचा अर्ज गेला का?"

मी म्हणालो, आज पाठवतो.

"राहू द्या सध्या. उद्याचं उद्या बघू." मग दाराकडं वळून, "उद्या काठी धरायची संतराम. तोंड घरी ठेवून यायचं. बराबर?"

"व्हय," संतराम म्हणाला.

मी अर्ज खणात ठेवला. नुसता ठेवला, कुणी म्हणालं नाही, कुलूप लावा. कुलूप मी आपणहून लावलं.

दुसऱ्या दिवशी ऊन इतकं की ढेकळावर पाय ठेववत नव्हता. जुनी टिपणं सांभाळायला मला नेलं होतं. अधिकारी बाई वयानं लहान, टोपी घातलेली. अमृतरावांनी हात जोडून भाकरीचं काढताच त्यांनी डबा आणलाय म्हणून सांगितलं. शिवशंकर साहेबांचा चेहरा तिथंच उतरला. बाईंनी माझ्याकडून टिपण घेतलं, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि हा काय आहे, विचारलं.

"शून्य, मॅडम. उर्दू हाय ते," शिवशंकर साहेब म्हणाले.

संतराम चाळीस हातांवर काठी धरून उभा. त्याचा अर्ज माझ्या खणात, खणाची किल्ली माझ्या खिशात. आणि हे त्याला माहीत होतं. मला वाटलं, राहील गप्प. मी असतो तर राहिलो असतो. मग त्यानं काठी शेतात रोवली, चालत जवळ आला.

"पाच हाय, मॅडम."

"तुम्हाला उर्दू येतं?"

"आकडे येतात. न्हाई आले तरी खाली बेरीज हाय. बारा साखळ्या पाच आणे अन् सात साखळ्या अकरा आणे, बराबर वीस व्हतात. शून्य धरलं तर व्हत न्हाईत. अन् त्या विसातलं शून्य बघा, टिंब हाय. एकाच कागदावर दोन परकारचं शून्य कोन लिहील?"

बाईंनी बोटांवर बेरीज केली. शिवशंकर साहेबांनी मोबाइल काढून त्यावर केली. दोघांची वीसच आली.

अमृतराव म्हणाले, "आता चपराशी जमिनी वाटनार का?"

रुक्माबाई बांधावर बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "वाटू द्या की मालक. साहेबानं वाटली तवा तर गोड लागली तुमाला."

अधिकारी बाईंनी दोन्ही टोकांनी मोजून घेतलं. धुरा दहा फूट सरकला, बोअर रुक्माबाईंकडं परत गेली. मग बाई संतरामला म्हणाल्या, हे कुठं शिकलात? तो म्हणाला, यंत्रासंगं पुस्तक आलतं. अजून? म्हणाला, साहेब लोकांच्या मोबाइलवर. शिवशंकर साहेब खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. बाईंनी माझे पांढरे केस बघून मला विचारलं, इतकी वर्षं तुमच्या कार्यालयात ही चूक कुणाच्याच लक्षात आली नाही?

मी म्हणालो, "मी आवक-जावक बघतो."

हे वाक्य मला अजून आठवतं. कुणी विचारलं, तुमची नोकरी कशी झाली, तर एवढं सांगितलं तरी पुरेल.

बाईंनी संतरामला शाबास म्हटलं आणि गाडीत बसल्या. शाबासकीला जावक नंबर नसतो, त्यामुळं ती कुठं पोचत नाही. परतताना संतराम जीपमध्ये नव्हता. त्याला एसटीनं यायला सांगितलं होतं. तिपाई घेऊन.

आता सांगतो कार्यालयानं काय केलं. एखाद्याला वाटेल, उर्दू टिपणांवरून झालेल्या सगळ्या मोजण्या काढून तपासल्या असतील. किती धुरे असे सरकले असतील, किती जणांच्या विहिरी शेजाऱ्याच्या गटात गेल्या असतील. तसलं काही झालं नाही. अभिलेखाच्या खोलीला नवं कुलूप आणलं, आणि संतरामला नोटीस काढली. परवानगीशिवाय यंत्र व अभिलेख हाताळून वरिष्ठांसमक्ष कार्यालयाची प्रतिमा मलिन केली, तीन दिवसांत खुलासा करावा. मी नंबर टाकला. कार्यालयातले कागद वाटायचं काम संतरामचं. म्हणून त्यानं स्वतःची नोटीस साहेबांच्या खोलीतून माझ्याकडं आणली आणि माझ्याकडून स्वतःकडं नेली. खुलासा दुसऱ्याच दिवशी आला. त्यात एकच ओळ होती. आकडा पाचच आहे.

अर्ज तेवीस दिवस माझ्या खणात पडून राहिला. चौकशी चालू आहे, असं शिवशंकर साहेब म्हणत. चौकशी कुठंही चालू नव्हती. अर्जावर साहेबांची सही होती. नंबर माझ्या हातात होता, पाकीट माझ्याजवळ होतं, टपाल तर रोजच जात होतं. संतराम सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवायचा. अर्जाचं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो, ते मला आजही ठाऊक नाही.

तारीख संपायला आठ दिवस होते तेव्हा जिल्ह्याहून फोन आला. खिल्लारेंच्या अर्जाची पोच असलेली प्रत थेट जिल्ह्याला आली आहे, सोबत नियमाचा हवाला आहे, कार्यालयानं ठरलेल्या मुदतीत अर्ज पुढं न पाठवल्यास कर्मचारी आगाऊ प्रत पाठवू शकतो; तर मूळ अर्ज कुठं आहे? मोठे साहेब रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारू लागले, "असा नियम हाय का?" त्यांच्या डोक्यामागं भिंतीवर त्यांचंच प्रमाणपत्र होतं. सेवेचे नियम, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.

मी किल्ली काढली. साहेबांनी फोनवर सांगितलं की कारकुनाच्या हलगर्जीपणामुळं राहिलं. ते खोटं होतं असं मी म्हणू शकत नाही. पोचेचा तो शिक्का मी मारला होता, म्हणून निवृत्तीनंतर एकदोघांनी मला श्रेय द्यायचा प्रयत्न केला. ते माझं नाही. माझा हात शिक्क्याच्या सवयीचा होता, एवढंच. माझं म्हणण्यासारखं त्यात काही असेल तर तो खण.

परीक्षा सप्टेंबरात झाली. संतरामनं दोन दिवसांची रजा मागितली, एक दिवसाची मिळाली. तो पास झाला. त्याच वेळी शिवशंकर साहेब वरच्या पदाच्या परीक्षेला बसले होते. त्यांनी तीन महिने रजा टाकून पुण्याला खोली घेतली, क्लास लावला, दोन पेट्या पुस्तकं आणली. नापास झाले. म्हणाले, अभ्यासाला निवांत वेळ असा मिळालाच नाही.

नोटिशीचं काय झालं, तर काही नाही. ती फाइल हरवली. आमच्याकडं फायली हरवायच्या तेव्हा बरोबर हरवतात.

संतरामची नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात निघाली. मग निरोप समारंभ. दारावर फलक, आमच्या कार्यालयाचा अभिमान. शाल, नारळ, बुके. आदल्या दिवसापर्यंत ज्या कपात त्याला चहा मिळायचा तो कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. त्या दिवशी त्याला पाहुण्यांच्या कपबशीत दिला. शिवशंकर साहेब बोलायला उठले. म्हणाले, संतरामला मी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं, त्याला मोजणीवर नेऊन नेऊन मीच घडवला, यंत्र त्याच्या हाती सोपवून मी निर्धास्त जेवायला जायचो, एवढा माझा विश्वास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग मोठे साहेब. स्वतःसाठी एक तास काढा, हे भाषण त्यांनी पुन्हा केलं आणि शेवटी म्हणाले, "संतराम, तू सांग सगळ्यांना. नोकरी सांभाळून, गावाहून रोज येऊन-जाऊन एवढ्या अभ्यासाला वेळ कसा काढलास? लोक म्हणतात वेळ न्हाई, वेळ न्हाई."

संतराम उभा राहिला. खांद्यावर शाल, हातात नारळ. कुठं ठेवावा ते त्याला सुचत नव्हतं.

"वेळ मी काढला न्हाई साहेब," तो म्हणाला. "तुमी जेवायला जात व्हता."

सगळे मोठ्यानं हसले. शिवशंकर साहेब तर सर्वांत मोठ्यानं. टाळी घ्यायला त्यांनी हातही पुढं केला. संतराम हसला नाही. तो खाली बसला. त्यानं विनोद केला असं ज्यांना वाटलं, त्यांना अजून तसंच वाटतं. नेमसिंग तेवढा भिंतीला टेकून माझ्याकडं बघत होता. मी फराळाच्या बशीतलं केळं सोलायला घेतलं.

समारंभ संपला, माणसं पांगली. संतराम कार्यमुक्तीचा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी नंबर टाकला, शिक्का मारला. खणाबद्दल काहीतरी बोलायचं मनात होतं. तेवीस दिवस हा शब्द तोंडापर्यंत आला होता. तो उभाच होता. मी वही बंद केली, परत उघडली, नंबर बरोबर पडलाय का बघितलं. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली, स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि दाराशी थांबला.

"दार लोटून घेऊ का भाऊसाहेब?"

"नको," मी म्हणालो. "राहू दे. वारं येतंय."